वसंतातील हिमस्खलन : इंदूरहून निघणाऱ्या ट्रेकर्सनी या चुका टाळाव्यात

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की इंदूरहून मनाली, उत्तराखंड, सिक्कीमकडे जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. जानापावच्या डोंगरावर दोन-चार रविवार चढ-उतार करून दम वाढवला जातो, बूट-जॅकेटची खरेदी होते. मात्र माळव्यातून सोबत जाणारी एक समजूत कुणी तपासून पाहत नाही. लख्ख ऊन म्हणजे सहलीला उत्तम दिवस, असे आपण धरून चालतो. वसंतातल्या बर्फाच्या उतारावर धोका त्या उन्हातूनच निर्माण होतो.

उन्हाने वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी थरांमधून झिरपत जाऊन बर्फकणांची एकमेकांवरील पकड सैल करते. रात्र निरभ्र व थंड असेल तर पृष्ठभाग पुन्हा गोठतो, त्यावर टणक कवच धरते आणि सकाळचे काही तास उतार बऱ्यापैकी स्थिर राहतो. कवच मऊ पडले की भिजलेला, जड बर्फ आपल्याच भाराने सुटू शकतो.

म्हणून पहिली चूक वेळेची. पोहे-जिलेबी खाऊन नऊला निघण्याची आपली पद्धत इथे चालत नाही. पूर्वेकडचा उतार सर्वांत आधी तापतो, मग दक्षिणेकडचा आणि दुपारनंतर पश्चिमेकडचा. त्यामुळे गाईड पहाटे तीनला उठवू लागला तर कुरकुर करू नये. धोक्याचे उतार ऊन चढण्यापूर्वीच मागे पडले पाहिजेत.

लवकर निघूनही फसगत होते, ती ढगाळ रात्रीमुळे. ढगांच्या पांघरुणाखाली बर्फातील उष्णता बाहेर पडत नाही आणि कवच नीट धरत नाही. पहाटे तंबूबाहेर बर्फावर पूर्ण भार टाकून उभे राहावे. बूट घोट्यापर्यंत रुतत असेल तर त्या दिवशी तीव्र उताराचा नाद सोडावा. हिमवृष्टीनंतर पहिले ऊन पडले की छायाचित्रांच्या मोहाने लगेच निघणेही तितकेच घातक असते.

पायाखालची वाट सपाट आहे, एवढ्यावर निर्धास्त होणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे. 4 एप्रिल 2023 रोजी गंगटोक–नथुला मार्गावर हिमस्खलनात 7 पर्यटकांचा मृत्यू झाला, तेव्हा ते काही शिखर चढत नव्हते. बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. आपण मात्र त्याच्या पायथ्याशी चहा पीत असू शकतो. 2011 साली इंदूरजवळच्या पातालपाणी धबधब्यावर अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेली माणसे वाहून गेली, हे इंदूरकरांना निराळे सांगायला नको. बर्फातही नजर वरच हवी. डोंगराच्या नाळेत (दोन कड्यांमधल्या अरुंद, उतरत्या घळीत) किंवा तिच्या तोंडाशी थांबून गटाचे छायाचित्र काढू नये. तेथून एकेकाने पार व्हावे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर लक्ष ठेवावे.

उतारावरून लाडवासारखे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागला किंवा आसपास ताजे स्खलन दिसले, तर मागे फिरावे. पण परतीची वाटही तशाच मऊ पडलेल्या उतारावरून जात असेल, तर घाईने ती ओलांडणे ही नवी चूक ठरते. अशा वेळी स्खलनाच्या मार्गाबाहेरील डोंगरधारेवर किंवा खडकाळ जागी थांबून उतार पुन्हा गोठण्याची वाट पाहावी, मग परतीचे रेल्वे आरक्षण बुडाले तरी चालेल. शक्यतो आरक्षण करतानाच एक दिवस राखून ठेवावा.

चंडीगढची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते जरूर पाहावेत, परंतु तो अंदाज एका मोठ्या पट्ट्यासाठी असतो, आपल्यासमोरच्या नाळेसाठी नव्हे.

कुणी गाडले गेलेच, तर सगळ्यांनी मदत आणायला धावू नये. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फारच कमी उरते. वरून आणखी बर्फ येण्याची चिन्हे नाहीत ना, ते पाहून माणूस शेवटचा दिसला ती जागा हेरावी आणि तिच्या खालच्या बाजूला शोध सुरू करावा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधण्याची लांब काठी) आणि फावडे ही तिन्ही साधने प्रत्येकाजवळ हवीत. ओला बर्फ थांबताच घट्ट बसतो, नुसत्या हातांनी तो उकरता येत नाही.