वजन घटवण्याच्या ऑपरेशनच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

माझ्या मावशीच्या पर्समध्ये आधार कार्डाच्या झेरॉक्समध्ये घडी घालून ठेवलेलं एक कात्रण आहे. डावीकडे घेरदार पंजाबी ड्रेसमधली बाई. उजवीकडे तीच बाई, बारीक झालेली, जुनी सलवार कमरेशी ताणून कॅमेऱ्याला दाखवणारी. मथळा, 'सहा महिन्यांत ४५ किलो!' मावशीनं विचारलं, "तू पेपरात होतीस ना गं? असलं खरं असतं का?"

खरं असतं. मी आरोग्याच्या पुरवणीच्या डेस्कवर आठ वर्षं काढली, त्यामुळे खालच्या चुका वाचकांच्या म्हणून सांगत असले तरी निम्म्या आम्हीच करायला लावलेल्या आहेत.

'सर्जरी' कोणती, ते न बघणं

'चरबी काढून टाकली' असा मथळा दिसला की समजावं, लिहिणाऱ्यानं ऑपरेशन समजून घेतलेलं नाही. चरबी ओढून काढणं म्हणजे लायपोसक्शन, ते शरीराला आकार देण्यासाठी असतं. वजनासाठीच्या बॅरिॲट्रिक ऑपरेशनमध्ये चरबीला हातही लागत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ती पुन्हा पूर्ववत होत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न कमी जातं आणि वाटही बदलते. बँड, म्हणजे जठराला बाहेरून आवळणारा पट्टा, आता मागे पडलाय. फुगा, म्हणजे बलून, हे ऑपरेशनच नाही. तोंडावाटे, बहुतेक वेळा दुर्बिणीनं, पोटात सोडतात आणि बहुतेक प्रकारचे सहा महिन्यांनी काढतात.

आता बातमीत 'टाके नाहीत, चिरफाड नाही' असं फुग्याबद्दल लिहिलेलं असतं आणि शेजारी फोटो बायपासच्या पेशंटचा. मी स्वतः असं पान लावलेलं आहे, फोटो लायब्ररीत दुसरा नव्हता म्हणून.

टक्के कशाचे, ते न विचारणं

ही चूक माझ्या खात्यावर आहे. प्रेस नोटमध्ये लिहिलं होतं, 'अतिरिक्त वजनाच्या ६० टक्के घट'. कॉलम अरुंद, मथळा बसेना. मी 'अतिरिक्त' उडवलं. बसला मथळा.

तो शब्द गेल्यानं काय होतं ते बघा. उंची १६० सेंटिमीटर, वजन १२० किलो. अशा व्यक्तीचं बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) २५ नुसारचं वजन ६४ किलो, म्हणजे अतिरिक्त वजन ५६. त्याचे ६० टक्के साधारण ३४ किलो. ऑपरेशननंतर काटा ८६ च्या आसपास थांबतो. पण माझा मथळा वाचणारा १२० चे ६० टक्के धरतो आणि ४८ किलोची स्वप्नं बघतो. ८६ वर आलेला माणूस मग 'माझं ऑपरेशन फसलं' म्हणून रडतो, खरं तर ते अगदी ठीक झालेलं असतं.

बातमी कोणत्या दिवशीची आहे, हे विसरणं

फेब्रुवारी २०१७ आठवतो? इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून इमान अहमद हिला मालवाहू विमानानं मुंबईत आणलं. वजन ५०० किलोच्या घरात असल्याचं सांगितलं गेलं, क्रेननं उचलून सैफी रुग्णालयात नेतानाची दृश्यं सगळ्या चॅनेलवर. मार्चमध्ये डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकानं स्लीव्ह केली. त्यानंतर किती किलो उतरले याचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे यायला लागले. एप्रिलमध्ये तिच्या बहिणीनं त्या आकड्यांवरच शंका घेतली, रुग्णालयानं ती फेटाळली. मेमध्ये तिला अबू धाबीला हलवलं. २५ सप्टेंबरला ती गेली, हृदयविकार आणि किडनीच्या तक्रारींनी, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

मार्चमधली बातमी वाचणाऱ्याला चमत्कार दिसला, सप्टेंबरमधली वाचणाऱ्याला 'ऑपरेशननं मारलं'. ती कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. अशा पेशंटवरून आपल्या कॉलनीतल्या ९५ किलोच्या काकूंबद्दल काहीच ठरवता येत नाही, ना चांगलं ना वाईट. मोठ्या नेत्यांचंही तेच. नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, अरुण जेटलींनी २०१४ मध्ये, आणि जेटलींना नंतर काही आठवड्यांतच संसर्गामुळे एम्समध्ये दाखल व्हावं लागलं. एकाकडे बोट दाखवून 'कर' म्हणणारे आणि दुसऱ्याकडे दाखवून 'नको' म्हणणारे, दोघांच्या हातात एकेकच पेशंट.

आणि सलवारवाला फोटो बहुतेक वेळा पहिल्या वर्ष-दीड वर्षातला असतो, वजन सगळ्यात खाली असतं तेव्हाचा. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. बायपास केलेल्यांचं वजन दहा वर्षांनी मूळ वजनाच्या सरासरी २५ टक्के कमी होतं, बँडवाल्यांचं १४ टक्के. सुरुवातीच्या घटीतलं थोडं परत आलेलं. पण त्याच अभ्यासात ऑपरेशन केलेल्या गटात न केलेल्यांपेक्षा मृत्यूही कमी आढळले. दोन्ही गोष्टी एकत्र छापायला जागा लागते, ती कुणी देत नाही.

धोका एक तर शून्य, नाही तर भयंकर मानणं

'सुरक्षित' हा शब्द आकड्याशिवाय आला तर तो जाहिरातीचा समजा. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित' किंवा 'इम्पॅक्ट फीचर' दिसतंय का तेही बघा. अमेरिकेतल्या दहा केंद्रांच्या २००९ मधल्या मोठ्या अभ्यासात ३० दिवसांतले मृत्यू ०.३ टक्के होते, आणि सुमारे चार टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली. मृत्यू, रक्ताची गुठळी, पुन्हा ऑपरेशन, लांबलेला मुक्काम, सगळं त्यात धरून. म्हणजे भयंकर नाही, पण पार्लरला जाऊन येणंही नाही. तुमच्या डॉक्टरांना त्यांचा स्वतःचा आकडा विचारा. रागावले तर तेही उत्तरच.

'मधुमेह मुळापासून बरा' हाही असाच मथळा. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) सहा किंवा त्याखाली राहिलेले बायपासनंतर १०० पैकी २९, स्लीव्हनंतर २३, नुसत्या औषधांवर ५. फरक मोठा आहे. 'सगळेच बरे' मात्र नाहीत, म्हणून साखर तपासणं थांबवायचं नसतं.

पॉलिसी नंतर वाचणं

'आता विम्यातही समावेश' एवढंच छापून येतं. विमा नियामकाच्या चौकटीत बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह यांपैकी काही. आपल्याकडचे सर्जन मात्र मधुमेहासारखा आजार असेल तर ३५ च्या खालीही विचार करतात. १५५ सेंटिमीटर उंचीची, ८० किलोची मधुमेही बाई डॉक्टरांच्या नियमात बसते, विम्याच्या बसत नाही. वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर थांबायचा काळ, वेगळाच.

ऑपरेशन झाल्यावर बातम्यांत उत्तर शोधणं

केस गळायला लागले की लोक जुनी कात्रणं काढतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणं नेहमीचं, प्रथिनं आणि लोह तपासून घ्या. पण पहिल्या काही दिवसांत नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात कळ, धाप, यांतलं काहीही असेल तर आतले जोड किंवा टाके गळत असू शकतात. तडक इमर्जन्सीत जा. उलट्या थांबतच नसतील तरीही थांबू नका, बी-१ जीवनसत्त्व संपलं तर मेंदूवर परिणाम होतो. आणि बाळाचा विचार असेल तर निदान वर्ष-दीड वर्ष नाही.

मावशीचं सांगायचं राहिलं. कात्रणातल्या बाईची स्लीव्ह झालेली. मावशीला कित्येक वर्षांचं ॲसिडिटीचं दुखणं, दोन उशा घेऊन झोपते, आणि स्लीव्हनंतर हीच जळजळ वाढू शकते. डॉक्टरांनी आधी एंडोस्कोपी लिहून दिली. मावशीनं तिथंच विचारलं, "पाच वर्षांपूर्वी केलेलं कुणी भेटेल का हो?" त्यांनी तिला पेशंटच्या शनिवारच्या बैठकीला बोलावलं. तिथं भेटलेल्या बाईनं सात वर्षांपूर्वी बायपास करून घेतलेला. तिनं पर्समधून स्टीलची डबी काढली, त्यात कॅल्शियम, लोह, डी जीवनसत्त्व. बी-१२ चं इंजेक्शन घेते म्हणाली. चौथ्या वर्षी आठ किलो परत चढले, तेही सांगितलं. मावशीनं कात्रण उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या समासात गोळ्यांची नावं लिहून घेतली.