फिनिशमध्ये 'मी खूश आहे' म्हणायचं कसं (आणि मी आधी काय काय म्हटलं)

नवऱ्याच्या नोकरीमुळे फिनलंडमधल्या एस्पो शहरात आले तेव्हा मला फिनिशचे दोनच शब्द येत होते, किइतोस म्हणजे थँक्यू आणि मोइ म्हणजे हॅलो. आता पाचवं वर्ष चालू आहे, बाहेरून आलेल्यांसाठीचा सरकारी कोर्स झाला, मग पाळणाघरात ट्रेनिंग आणि आता तिथेच नोकरी. नवीन आलेले आपले लोक विचारतात की सुरुवात कुठून करू, तर व्याकरणाबद्दल सांगणारे शंभर जण भेटतील, मी फक्त एकच गोष्ट सांगते, आनंद झाला तर काय बोलायचं, कारण माझी सगळ्यात जास्त फजिती तिथेच झाली.

आधी उच्चार. मी खाली जिथे ऽ टाकलाय तिथे स्वर खरंच ओढायचा, लाजायचं नाही. तापाऽन सिनुत म्हणजे मी तुला भेटेन, आणि तोच आ आखूड केला की तापान सिनुत, म्हणजे मी तुला मारून टाकेन. आनंदाने 'उद्या भेटू' म्हणायला गेलात आणि घाई केलीत तर बघा काय होतं ते. बाकी आपल्याला एक फायदा आहे, त्यांचा त आपल्या त सारखा आहे, ट नाही, आणि बॅट मधला ॲ आपल्याला आधीपासून येतो, जोडाक्षरंही जड जात नाहीत. कुका म्हणजे कोण आणि कुक्का म्हणजे फूल, आपल्या कानाला हा फरक लगेच कळतो.

आता मुख्य मुद्दा. ॲपवर पहिल्याच आठवड्यात शिकवतात, ओलेन इलोइनेन, मी आनंदी आहे. ओलेन ओन्नेल्लिनेन, हे पण मी आनंदी आहे. मग मी काय केलं, दुसरा शब्द भारी वाटला म्हणून तोच धरला. बस वेळेवर आली, ओलेन ओन्नेल्लिनेन. कॉफी मिळाली, ओलेन ओन्नेल्लिनेन. समोरचे जरा गोंधळून बघायचे. नंतर कळलं की हा शब्द अख्ख्या आयुष्याबद्दलचा आहे, म्हणजे आपण चहाचा घोट घेऊन 'मी जीवनात कृतार्थ आहे' म्हणावं तसं काहीतरी. एखाद्या गोष्टीने आनंद झाला तर इलोइनेन. आणि जे आहे त्यात समाधानी असेल तर त्यूत्युवॅइनेन, हा शब्द जिभेवर बसायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

ओन्नेल्लिनेन ज्या ओन्नि वरून आलाय त्याची गंमत अशी की ओन्नि म्हणजे सुखही आणि नशीबही, दोन्ही एकच. त्यामुळे ओन्नेआ! म्हणजे शुभेच्छा, ओन्नेक्सि ओल्कोऽन म्हणजे अभिनंदन, आणि नुसतं ओन्नेक्सि म्हणजे नशीब म्हणायचं. सुख म्हणजे ओन्नेल्लिसूस. इथपर्यंत छान. पण त्याच ओन्निला 'नसलेला' असा प्रत्यय लागला की होतं ओन्नेत्तोमूस, म्हणजे अपघात. वर्गात बाईंनी विचारलं, तुला फिनलंडमध्ये काय हवंय? मी छाती फुगवून म्हटलं, हालुआन ओन्नेत्तोमूस. मला अपघात हवाय. बाई दोन सेकंद गप्प, मग अगदी शांतपणे फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

खरं बोलायचं तर रोजच्या बोलण्यात इथली माणसं 'मी आनंदी आहे' असं म्हणतच नाहीत फारशी. स्वतःबद्दल बोलत नाहीत, गोष्टीबद्दल बोलतात. किवा! म्हणजे मस्त. किवा कुन तुलित, आलीस ते बरं झालं. किवा कूल्ला, ऐकून बरं वाटलं. हिएनोआ, माह्तावाऽ, इहानाऽ हे त्याच्याही वरचे. वस्तू असेल तर किवा (कोट किवा आहे) आणि करायची गोष्ट असेल तर किवाऽ (पोहणं किवाऽ आहे), हा नियम पाठ करू नका, ऐकून ऐकून येतो. दुसऱ्याच्या आनंदात आनंद असेल तर ओलेन इलोइनेन सिनुन पुओलेस्तासि, तुझ्यासाठी मला आनंद झाला, हे वाक्य मात्र जसंच्या तसं पाठ करा. नागरिकत्वासाठी जी भाषेची परीक्षा देतात, युकि (YKI), त्यात बोलण्याच्या भागात हेडफोन लावून मशीनशी बोलावं लागतं. मैत्रीण सांगते मला नोकरी लागली, आता तुम्ही काहीतरी बोला, सेकंद मोजलेले असतात, अशा वेळी ओन्नेक्सि ओल्कोऽन, तोसि किवा कूल्ला एवढं तोंडात तयार पाहिजे.

आणि पुस्तकातली भाषा कोणी बोलत नाही हे पण लक्षात ठेवा. मिनॅ ओलेन इलोइनेन चं बोलताना मॅ ओऽन इलोनेन होतं, आपण 'मी आलेली आहे' न म्हणता 'आलेय' म्हणतो तसंच. हे मला कोर्सने नाही शिकवलं, पाळणाघरातल्या चार वर्षांच्या पोरांनी शिकवलं. आमच्याकडे भावनांची कार्डं असतात, तुन्नेकोर्तित, हसरा चेहरा, रडका, रागावलेला. सकाळी प्रत्येकाने एक उचलायचं. एका मुलीने स्वतःचं उचललं, मग रागावलेला चेहरा माझ्या हातात दिला आणि विचारलं मिल्तॅ सुस्ता तुन्तू, तुला कसं वाटतंय. मी त्या दिवशी खरंच वैतागलेली होते, म्हटलं ही पोरगी ज्योतिषी आहे की काय.

इथे आपल्यासाठी एक लॉटरी आहे. मिनुआ नाउरात्ताऽ म्हणजे मला हसू येतंय. मिनुआ इत्केत्तॅऽ, मला रडू येतंय. बघा, 'मी' नाहीच वाक्यात, 'मला' पण नाही तर 'मिनुआ' अशी वेगळीच विभक्ती आहे, पण हसू आपसूक येतं, आपण ते करत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. वर्गातले बाकीचे डोकं धरून बसले होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं की अरे हे तर आपलंच आहे. इंग्रजीवरून फिनिश शिकू नका, मराठीवरून शिका, विभक्ती शाळेत रडत रडत पाठ केल्या त्याचं चीज होतं.

हो, आणि 'जगातला सगळ्यात आनंदी देश' त्याबद्दल. २०१८ पासून २०२५ पर्यंत वर्ल्ड हॅपीनेस रिपोर्ट नावाच्या आनंदाच्या यादीत फिनलंड सलग आठ वेळा पहिला आला, आणि दर वर्षी बातमी आली की आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकतो. त्यात लोकांना विचारतात की शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य कुठल्या पायरीवर आहे. किती हसता, किती नाचता यावर तो नंबर ठरत नाही. म्हणजे तो त्यूत्युवॅइनेनचा नंबर आहे, मार्चच्या चिखलात बसची वाट बघणाऱ्या चेहऱ्यांवर शोधायला जाऊ नका. कसं काय, मितॅ कूलू, विचारलं तर उत्तर एइ वालित्तामिस्ता, तक्रार नाही. आई फोनवर 'कशी आहेस' विचारते आणि मी 'बरी आहे' म्हणते, त्यात आणि यात फरक काय.

नाचतात पण. आइस हॉकीत जिंकले की. २०२२ साली ताम्पेरे शहरात वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये कॅनडाला हरवलं त्या रात्री फोनवर सगळीकडे एकच, तोरिल्ला तावाताऽन, चौकात भेटू. आमचा शेजारी, जो लिफ्टमध्ये माझ्याकडे बघायचाही नाही, गॅलरीतून माझ्याकडे बघून ओरडला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये परत जमिनीकडे बघत.

शेवटचा एक शब्द, इहान, याच्यापासून सावध. इहान माह्तावा म्हणजे एकदम झकास, पण इहान ह्युवॅ म्हणजे ठीकठाक. एकदा डब्यातून सगळ्यांसाठी कांदेपोहे नेले, शेंगदाणे, खोबरं, लिंबू सगळं, सकाळी पाचला उठून. सहकारी बाई चमचाभर खाऊन म्हणाल्या, इहान ह्युवॅऽ. माझा चेहरा पडला, दुपारपर्यंत कोणाशी नीट बोलले नाही. तीन वाजता डबा घ्यायला गेले तर रिकामा, आणि त्याच बाई बोटाने खोबरं टिपत होत्या. आता मी इहानकडे लक्षच देत नाही, ओतान लिसॅऽ, अजून घेते, म्हणतात का तेवढं ऐकते.