गोठलेल्या नदीच्या काठाने चालताना
नदी गोठलेली दिसली तरी बर्फाखाली प्रवाह चालूच असतो आणि तो बर्फाला खालून झिजवत राहतो. म्हणून स्थिर तळ्यावर चालण्यासाठी किमान १० सेंटीमीटर जाडीचा पारदर्शक बर्फ पुरेसा मानला जात असला, तरी तो हिशेब नदीला मुळीच लावू नये. पुलाच्या खांबांभोवती, वळणाच्या बाहेरच्या बाजूला आणि सांडपाणी नदीला येऊन मिळते तेथे बर्फ विशेष पातळ असतो. ताजे हिम पडल्यावर काठ नेमका कुठे संपतो हेच कळत नाही, त्यामुळे पायवाट सोडू नये. कुत्रा सोबत असल्यास त्याला दोरीनेच धरावे, आणि तो पाण्यात पडलाच, तर कितीही जीव तुटला तरी त्याच्यामागे न जाता काठावरूनच हाका मारून मदत बोलवावी.