पोरगं रिमांड होममध्ये आहे, त्याच्या मनाकडे कसं बघायचं

घरातलं पोरगं केसमध्ये अडकलं की सगळे वकील आणि जामिनाच्या मागे धावतात, ते करायलाच हवं, पण पहिल्या पंधरा दिवसांत आणखी एक काम असतं आणि तेच बहुतेक घरांतून राहून जातं. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या केस बघणाऱ्या मंडळासमोर, पहिल्यांदा हजर केलं की तिथून १५ दिवसांत प्रोबेशन ऑफिसरने (पीओ) सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल, द्यायचा असतो. त्यासाठी पीओ घरची चौकशी करतात आणि आपण सांगतो, "चांगल्या घरचा आहे हो मॅडम, संगतीने बिघडला." विषय संपला.

असं करू नका प्लीज. बाप पिऊन मारायचा का, आई गेली तेव्हा हा केवढा होता, किती नातेवाइकांकडे फिरला, शाळा कधी आणि कशामुळे सुटली, लहानपणी कोणी अंगचटीला आलं होतं का, हे सगळं सांगा. लाज वाटते, कळतं मला, पण अहवालात हे आलंच नाही तर मंडळासमोर फक्त गुन्हा दिसतो, पोरगं दिसत नाही, आणि त्याला समुपदेशन का हवंय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. आधीची फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी द्या. व्हाइटनर, सोल्यूशन, दारू, काही घेत असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा, कारण नशा अचानक तुटली की जी तडफड होते ती बघणाऱ्याला मस्ती वाटू शकते.

आता भेटीचं. पोरगं मान खाली घालून नखं कुरतडत बसतं, दार जोरात आपटलं की अख्खं दचकतं, आणि आपण समोर बसून "का केलंस रे असं" सुरू करतो. नको. झोप लागते का, जेवण जातं का, रात्री दचकून उठतोस का, एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका. "पुढच्या तारखेला सुटशीलच" असलं काही बोलू नका, तारीख पुढे गेली की तो आतून तुटतो. मनगटाकडे बघा, कापल्याच्या खुणा आहेत का. मारामारी करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, मला तरी अगदी गप्प झालेल्याची जास्त काळजी वाटते.

खुणा दिसल्या किंवा मरायची भाषा ऐकली तर त्याच दिवशी अधीक्षकांना सांगा, सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि एक प्रत मंडळाला. लिहायला जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

मुलगा सोळाच्या वर आणि गुन्हा फार गंभीर असेल तर त्याची मानसिक तपासणी होते, पण ही तपासणी केस कुठे चालवायची हे ठरवायला असते, तिला उपचार समजू नका, समुपदेशन वेगळं मागा.

आणि तुम्हालाच रात्र रात्र झोप नसेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.