वेप ओढत असाल तर कोलेस्टेरॉल कसे तपासावे आणि रिपोर्टमध्ये काय पाहावे

लिपिड प्रोफाइलमध्ये (रक्तातल्या चरबीच्या तपासणीत) एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९८ आला म्हणून वेप, म्हणजे ई-सिगारेट, निर्दोष ठरत नाही. निकोटिन हृदयाला छळते ते मुख्यतः दुसऱ्या वाटांनी, आणि त्या या रिपोर्टात दिसत नाहीत. म्हणून रक्ताच्या तपासणीसोबत रक्तदाब, नाडी आणि रोजच्या निकोटिनचा हिशेब हवाच.

कश घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत जाते, अॅड्रेनलिन सुटते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. हेच अॅड्रेनलिन चरबीच्या पेशींतून फॅटी अॅसिड रक्तात सोडायला लावते आणि यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, बनवते. सिगारेटने एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, घटते हे पक्के ठाऊक आहे. सिगारेट सोडली की काही आठवड्यांत ते थोडे वर येते, एलडीएल मात्र फारसा हलत नाही. वेपवरचे अभ्यास अजून एका सुरात बोलत नाहीत: काहींत वेप ओढणाऱ्यांचे आकडे बिघडलेले दिसतात, काहींत फरक दिसत नाही. नाडी आणि रक्तदाबाबद्दल मात्र दुमत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. वेपच्या द्रवात ग्लिसरिन असते आणि रिपोर्टात ट्रायग्लिसराइड, म्हणून एकाचे दुसरे होते असे अनेकांना वाटते. श्वासावाटे जाणारे ते ग्लिसरिन रक्तातली चरबी वाढवण्याइतके नसते. खरा धोका ते तापण्यात आहे: कॉइल (द्रव तापवणारी तार) जास्त तापली किंवा द्रव शोषणारा कापूस कोरडा पडला की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अॅक्रोलिन ही विषारी रसायने तयार होतात. कश घेताना करपट चव आली तर हेच घडत असते.

तपासणीची तयारी

१० ते १२ तास उपाशी राहा, पाणी चालेल. आदल्या दोन दिवसांत दारू आणि लग्नाची पंगत नको, त्याने ट्रायग्लिसराइड फुगते. नुकताच मोठा ताप किंवा डेंग्यू होऊन गेला असेल तर थांबा, कारण आजारपणात आकडे तात्पुरते बदलतात. सकाळी लॅबच्या बाहेर उभे राहून कश घेऊ नका.

रक्तदाबात सर्वांत जास्त चुका होतात. मोजण्याआधी ३० मिनिटे वेप, सिगारेट, चहा, कॉफी बंद. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटे गप्प बसा, मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने धावपळ करत ऐरोली गाठायची आणि ऑफिसच्या शिबिरात लगेच हात पुढे करायचा, तर तो आकडा धरू नका.

रिपोर्ट वाचताना

समजा एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड १९०. अनेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात: २१२ वजा ३६ वजा (१९० भागिले ५, म्हणजे ३८), उत्तर १३८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे गणित चालत नाही. तेव्हा थेट मोजलेला एलडीएल मागा.

त्यापेक्षा उपयोगी आकडा म्हणजे एकूण वजा एचडीएल, इथे १७६. हा सहसा १३० च्या खाली हवा. पुरुषांत एचडीएल ४० च्या वर, बायकांत ५० च्या वर. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. आपल्याकडे कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडी मुळातच फार दिसते, त्यामुळे सगळा दोष वेपवर ढकलू नका. पोटाचा घेर, साखर, थायरॉईडही तपासा. एलडीएल १९० च्या वर असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल तर ते आनुवंशिक असू शकते. अशा वेळी नुसते वेप सोडून भागणार नाही, फिजिशियनला भेटा. आणि वेप सुटले म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आपल्या मनाने बंद करू नका.

निकोटिन किती जाते

पॉडवर (वेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या डबीवर) ५ टक्के लिहिले असेल तर दर मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. २ मिलिलिटरच्या पॉडमध्ये १०० मिलिग्रॅम झाले. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. पॉडमधले सगळे शोषले जात नाही, पण पॉड किती दिवसांत संपतो ते वहीत लिहा, व्यसनाची खोली कळते. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटच्या विक्री, साठवण, जाहिरातीवर बंदी आहे. म्हणजे जे मिळते ते चोरट्या मार्गाचे, लेबलची खात्री कोणी देत नाही. ‘निकोटिन शून्य’ यावरही विसंबू नका.

सोडताना

ऑफिसात वेप आणि टपरीवर सिगारेट, ही सवय सर्वांत वाईट, कारण दोन्हीचा त्रास सोसून सिगारेट मात्र अनेकदा कमी होत नाही. दोन्हीची एकच तारीख ठरवा. पहिले २-३ दिवस सर्वांत कठीण, चिडचिड २ ते ४ आठवडे राहते.

निकोटिन गम घेतला तर च्युइंगमसारखा चघळत राहू नका. तिखट झिणझिणी आली की गालात दाबून ठेवा, ती गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, असे ३० मिनिटे. आधी १५ मिनिटे चहा, कॉफी, लिंबूपाणी नको, नाहीतर निकोटिन शोषले जात नाही. लाळ भराभर गिळली की उचक्या आणि मळमळ होते. गर्भवती असाल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मदतीसाठी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन मोफत. ठाणे-नवी मुंबईत राहत असाल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय, दोन्हीकडे मेडिसिन ओपीडीत दाखवता येते. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ किंवा अचानक धाप लागली तर ओपीडीची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

सोडल्यावर भूक वाढते आणि तिथे वडापाव, गोड चहा शिरतो. तीन किलो वजन वाढले तर ट्रायग्लिसराइड वर जाते आणि वेप सोडून फायदा नाही असे वाटते. संध्याकाळी तलावपाळी किंवा पाम बीच रोडच्या बाजूला ४० मिनिटे चाला. १२ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, तितकेच तास उपाशी राहून पुन्हा रक्त द्या, आणि त्या दिवशीचे वजन व रक्तदाब रिपोर्टाच्या मागे लिहून ठेवा.