गाडीच्या काचा किती गडद कराव्यात? सातारा-सांगलीकडच्या रस्त्यांचा विचार करून

एप्रिल-मेच्या दुपारी जत, आटपाडीकडे किंवा मिरजेच्या पुढे गाडी काढली की काचांना फिल्म मारून घ्यावी असं वाटतंच. दुकानदार नमुन्यांचं पुस्तक पुढे करतो आणि बहुतेक जण त्यातल्या सगळ्यात काळ्या तुकड्यावर बोट ठेवतात. चूक तिथेच होते. ऊन अंगाला भाजतं त्यातला साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. काळा रंग फक्त दिसणारा उजेड कापतो. त्यामुळे फिकट दिसणारी चांगली फिल्म जास्त गारवा देते आणि काळीकुट्ट स्वस्त फिल्म रात्री रस्ता दिसू देत नाही, असं सर्रास घडतं. गडदपणा आधी कायद्याने ठरतो, मग रात्रीच्या नजरेने. गारव्यासाठी वेगळा आकडा बघायचा असतो.

आधी कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. मागच्या काचेलाही ७० टक्के लागतात. बरेच जण तिला बाजूच्या काचांसारखी धरतात आणि फसतात.

हे झालं काचेचं. काचेवर वरून चिकटवलेल्या फिल्मचं प्रकरण वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काळी फिल्म, तिच्यातून कितीही टक्के उजेड जात असो, काचेवर लावायला मनाई केली आणि ४ मे २०१२ पासून ती लागू झाली. कंपनीतूनच ठरलेल्या मर्यादेत रंगीत काच आली असेल तर तिला हरकत नाही. पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियमात बदल झाला आणि आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली सुरक्षा-काचही मान्य झाली. त्याचाच आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल असा निकाल दिला. पण तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही. इथे नाक्यावरचा पोलीस २०१२ च्या मनाईवर बोट ठेवून दंड करू शकतो आणि फिल्म जागेवर काढायलाही लावू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा सापडल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणून सरळ सांगायचं तर, ज्यांना रस्त्यात वाद अजिबात नको त्यांनी फिल्म लावूच नये. लावायचीच असेल तर पुढचा हिशेब पक्का करा आणि मर्यादेच्या काठावर राहू नका.

काचेचा स्वतःचा आकडा मोजा

कंपनीची काच शंभर टक्के पारदर्शक नसते. हल्लीच्या गाड्यांच्या हिरवट काचा बहुधा ७० ते ८० टक्क्यांच्या मधे असतात. फिल्म लावणाऱ्या चांगल्या दुकानात उजेड मोजायचा छोटा मीटर असतो. मीटर नसलेल्या दुकानात काम देऊ नका. मोजण्याआधी काच दोन्ही बाजूंनी पुसून घ्या, कारण आपल्याकडची धूळ दोन-चार टक्के सहज खाते. मीटर मोकळ्या हवेत १०० दाखवतो का तेही बघा.

मग गुणाकार करायचा. काच आणि फिल्मचे आकडे एकमेकांतून वजा होत नाहीत, ते गुणले जातात. बाजूची काच ७८ टक्के आणि फिल्म ७० टक्के असेल तर ०.७८ × ०.७० म्हणजे ५४.६ टक्के. बसलं. तीच काच आणि ६० टक्क्यांची फिल्म धरली तर ४६.८ येतात, म्हणजे नापास. ‘साहेब, पन्नास चालते’ म्हणून दुकानदाराने ५० ची फिल्म लावली तर ३९ वर येता. हा ‘पन्नास’चा घोटाळा सगळ्यात जास्त होतो, कारण नियमातले पन्नास काच आणि फिल्म मिळून आहेत.

बऱ्याच कंपन्या फिल्मचा आकडा साध्या पांढऱ्या काचेवर लावून मोजतात. त्यामुळे प्रत्यक्षातलं उत्तर गुणाकारापेक्षा थोडं वर येऊ शकतं. तरी कागदावर ५३-५४ च्या खाली जाऊ नका आणि खात्री मीटरवरच करा.

समोरच्या काचेचं गणित तर मांडायलाच नको. ७६ टक्के काचेवर ९० टक्क्यांची जवळजवळ पांढरी फिल्म लावली तरी ६८.४ होतात. तिला हात लावू नका. मागच्या काचेचंही तसंच. म्हणजे उरतात त्या फक्त दारांच्या काचा.

गारव्याचा आकडा वेगळा

फिल्मच्या माहितीपत्रकात ‘टीएसईआर’ नावाचा आकडा शोधा. सूर्याची एकूण ऊर्जा किती टक्के अडते ते तो सांगतो. दुकानात मात्र ‘९५ टक्के आयआर कट’ (आयआर म्हणजे अवरक्त किरण) असं मोठ्या अक्षरात दाखवतात. तो आकडा अनेकदा अवरक्त पट्ट्यातल्या एखाद्या छोट्याशा तुकड्यावर मोजलेला असतो, त्यावरून दोन फिल्मची तुलना होत नाही. टीएसईआर विचारा. दुकानदाराला तो सांगता आला नाही तर दुसरीकडे जा.

फिल्म मुख्यतः तीन प्रकारच्या. नुसत्या रंगाची फिल्म स्वस्त, पण ती काही उन्हाळ्यांत जांभळट पडते आणि उष्णता फारशी अडवत नाही. धातूचा थर असलेली फिल्म उष्णता अडवते, पण मोबाइलची आणि जीपीएसची रेंज कमी करू शकते. ती समोरच्या काचेवर फास्टॅगच्या आड आली तर आनेवाडी किंवा तासवडे टोलनाक्यावर टॅग वाचला न जाण्याची भीती असते. सिरॅमिक फिल्म फिकट राहूनही अवरक्त किरण अडवते आणि रेंजला धक्का लावत नाही. महाग आहे, पण दारांना ७० टक्क्यांच्या आसपासची फिकट फिल्म लावून खरा फरक हवा असेल तर तीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक अपेक्षा मात्र सोडा. गाडी तासभर उन्हात उभी राहिली तर कुठलीही फिल्म ती गार ठेवणार नाही. फिल्मचा उपयोग चालत्या गाडीत, खांद्यावर पडणाऱ्या उन्हासाठी आणि एसीला थोडा आधार म्हणून. उभ्या गाडीसाठी समोरच्या मोठ्या काचेमागे चकचकीत सनशेड लावा. सगळ्यात जास्त ऊन तिथूनच आत येतं. जाळीचे पडदे गाडी चालू असताना काढून ठेवा, कारण २०१२ च्या मनाईत फिल्मबरोबर काचेवरच्या इतर आवरणांचाही समावेश आहे.

तिन्हीसांजेची परीक्षा

दुपारी दुकानासमोर सगळ्याच फिल्म छान दिसतात. दुकानदाराकडून वहीच्या पानाएवढा तुकडा मागून घ्या. चालकाच्या दाराच्या काचेला आतून पाणी मारा आणि तो तुकडा उजवा आरसा ज्या भागातून दिसतो नेमका तिथे चिकटवा. दिवेलागणीनंतर अर्ध्या तासाने, खांबावरचा दिवा नसेल अशा जागी गाडी उभी करा. घरच्या कुणाला तरी गडद कपड्यांत गाडीमागे वीस पावलांवर उभं राहायला सांगा. नेहमीसारखं बसून, मान पुढे न काढता आरशात बघा. माणूस हलला तर लगेच कळतंय का? काच खाली करावीशी वाटली तर ती फिल्म तुमची नाही. घरात चालवणारे दोघं-तिघं असतील तर ज्याची नजर सगळ्यात कमजोर त्याला बसवा. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्याला अंधुक उजेडात फार कमी दिसतं.

ही परीक्षा इथे एवढी का महत्त्वाची, ते गळीत हंगामात रात्री कराड-इस्लामपूर-सांगली पट्ट्यात गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर चढावर रांगत असतो, मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो. साखर कारखान्याच्या फाट्यावर तो आडव्या रस्त्याने येतो तेव्हा तुम्हाला बाजूच्या काचेतूनच दिसतो. पावसाळ्यात पसरणी घाटात किंवा पाचगणीच्या धुक्यात वळणावरची कड शोधायची तीही बाजूच्या काचेतून. तिरकं बघताना तीच फिल्म समोरून दिसते त्याहून गडद वाटते, हेही ध्यानात ठेवा.

चालकाच्या आणि शेजारच्या दाराला फिल्म न लावता फक्त मागच्या दोन दारांना लावणं हा चांगला तोडगा आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं मागेच बसतात.

लावून घेताना

धूळ हा मोठा शत्रू. रस्त्याकडेला लावून घेऊ नका, बंद शेडमध्येच काम करवा. जमीन आधी पाण्याने भिजवलेली असावी. काच पूर्ण खाली करून तिची वरची कड आणि रबराच्या खाचा पुसल्या जातात का ते उभं राहून बघा. तिथलीच माती नंतर फिल्मखाली पुटकुळीसारखी दिसते. फिल्म बसवताना काचेवर मारायच्या लिटरभर स्वच्छ पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब पुरतात. शाम्पू जास्त झाला तर फिल्म धरत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते वापरलं तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. फिल्टरचं पाणी मागा.

फिल्मखालचं पाणी काढायची रबरी पट्टी मधून कडेकडे ओढायची असते. वरच्या कडेला दोन मिलिमीटरची फट ठेवलेली असावी. फिल्म अगदी काठापर्यंत आली तर काच वर-खाली होताना तिचा कोपरा सुटतो.

काम झाल्यावर तीन-चार दिवस, पावसाळ्यात आठवडाभर, काच खाली करू नका. सुरुवातीला दिसणारे पाण्याचे धुरकट डाग उन्हाने तीन-चार आठवड्यांत जातात, त्यासाठी भांडू नका. मात्र बोटाला टोचणारा टणक उंचवटा धुळीचा असतो. तो जाणार नाही. त्या काचेची फिल्म बदलूनच घ्या. पैसे देण्याआधी प्रत्येक दारावर मीटर लावून आकडा बघा आणि बिलावर फिल्मचं नाव, टक्केवारी आणि मोजलेला आकडा लिहून घ्या.

पुसताना अमोनिया असलेला काचेचा स्प्रे वापरू नका, त्याने रंग आणि डिंक दोन्ही खराब होतात. ओलं मऊ कापड पुरतं. फिल्म काढायची वेळ आली तर वाफेने किंवा हीट गनने गरम करून एका कोपऱ्यापासून सावकाश ओढा. मागच्या काचेवर जुनी फिल्म असेल तर तिथे ब्लेड लावू नका. डिफॉगरच्या बारीक तारा त्याच बाजूला असतात, एकदा खरवडल्या की त्या पट्ट्यातलं धुकं पुन्हा निघत नाही.