जुनी फायबरची होडी घरच्या घरी दुरुस्त कशी करावी

कोकणातल्या किनाऱ्यावर वाळूत उपड्या पडलेल्या फायबरच्या होड्या दिसतातच. रंग उडालेला, तळाला एखादं भोक, सरळ ठेवली असेल तर आत पावसाचं पाणी आणि त्यात कुजलेल्या झावळ्या. अशी पंधरा-सोळा फुटी होडी स्वस्तात मिळते आणि नीट दुरुस्त केली तर पुढे कित्येक वर्षं चालते. फायबर कुजत नाही, त्यामुळे होडीचं वय फार मनावर घेऊ नका. कुजतं ते फायबरच्या पोटात बंद केलेलं लाकूड: मागची फळी, तळाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, बाकांखालचा प्लाय. म्हणून विकत घेण्यापासून रंग लावेपर्यंत एकाच गोष्टीचा पाठपुरावा करायचा. पाणी कुठून शिरलं आणि अजून कुठे आहे?

पैसे देण्याआधी

प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून संपूर्ण होडी ठोकत जा. धड फायबरचा आवाज टणक येतो. थर सुटलेले असतील किंवा आतलं लाकूड भिजलेलं असेल तिथे आवाज बद्द येतो. त्या जागा खडूने घेरून ठेवा.

मग ट्रान्सम, म्हणजे मशीन अडकवतात ती मागची भिंत. मशीन बसवलेलंच असेल तर त्याच्या खालच्या पायावर हाताने जोर देऊन हलवा. भिंत लवली किंवा बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपलं तर आतला प्लाय गेला. खात्री हवी तर मालकाला विचारून आतल्या बाजूने ६ मिमीची दोन-तीन भोकं पाडा. कोरडा, फिकट भुसा आला तर उत्तम. काळा, ओला लगदा आला तर ट्रान्सम नवा करावा लागेल आणि भाव त्या हिशेबाने ठरवावा. तो नवा करता येतो, पण अर्धं काम तेच असतं.

तळावर फोड दिसले तर एक फोडून पाहा, डोळ्यांवर चष्मा लावून. आतून चिकट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं तर पाणी जेलकोटच्या, म्हणजे वरच्या गुळगुळीत रंगीत थराच्या, मागे फायबरपर्यंत पोहोचलं आहे. थोडे फोड असतील तर घाबरू नका. सगळा तळ फोडांनी भरला असेल तर ती होडी सोडून द्या. कागदपत्रंही बघून घ्या. मासेमारीच्या होडीची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते आणि नाव बदलून मिळणार नसेल तर सगळी मेहनत अंगणातच राहील.

जागा आणि हंगाम

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते म्हणून अनेकांना तेव्हा दुरुस्तीची घाई होते, पण पॉलिएस्टर रेझिनला, म्हणजे काचेचे धागे एकत्र धरणाऱ्या द्रवाला, दमट हवा मानवत नाही आणि भिजलेलं फायबर त्या दिवसांत सुकतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हे सर्वांत चांगले महिने. तेव्हाही दव पडतं, त्यामुळे सकाळी पृष्ठभाग हाताला पूर्ण कोरडा लागल्याशिवाय रेझिनचा डबा उघडू नका.

होडी जुन्या टायरांवर आणि वाळूच्या पोत्यांवर टेकवा, भार तळाच्या मधल्या कण्यावर येऊ द्या. वर ताडपत्री हवी, बाजू मात्र मोकळ्या. माडाखाली सावली छान असते, पण नारळ पडला की नवं भोक तयार, तेव्हा ती जागा टाळा. विहीर जवळ असेल तर झाका. फायबरची धूळ पाण्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, शेजाऱ्यांच्या पापडांवर, सगळीकडे बसते.

स्वतःसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, बंद चष्मा. एन-९५ मास्क धूळ अडवतो, रेझिनची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क घ्यावा लागतो. अंगाला खाज सुटली तर आधी गार पाण्याने धुवा आणि चोळू नका.

उघडा, धुवा, सुकवा

खिळे, कड्या, बाकं, मशीनचे बोल्ट, सगळं काढा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. बाकांच्या पोकळीत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो दाबल्यावर पाणी सुटलं तर काढून टाका. ओला फोम सुकत नाही, होडी मात्र जड करतो.

होडी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. नंतर अॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि फडकं सतत बदला. घासण्याआधी पुसायचं, नंतर नाही, कारण पृष्ठभागावरचं मेण आणि तेल पॉलिश पेपरने निघत नाही, उलट ओरखड्यांत दाबलं जातं आणि पुढचा थर सुटतो.

आता ग्राइंडरला ४० नंबरची डिस्क लावून खडूच्या खुणांपाशी सुटलेलं, पांढुरकं पडलेलं फायबर धड थर लागेपर्यंत काढा. फोड सगळे उघडा आणि पुन्हा धुवा. मग थांबा. हे थांबणं आठवड्यांचं असतं आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच घाई करून वाया जातात. सुकलं की नाही ते तपासायला पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. आतून बाष्प धरलं तर अजून सुकायचं आहे.

रेझिनचं गणित

फायबरचं सामान मिळतं त्या दुकानात रेझिन, कोबाल्ट (कडक होण्याला वेग देणारं द्रावण) आणि हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रावण) वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर घालायचं. दुकानदाराला विचारा, काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. पाण्याची बादली शेजारी हवीच; थेंब उडाला तर किमान पंधरा मिनिटं डोळा धुवून थेट डॉक्टरकडे जा.

हार्डनरचं प्रमाण वजनाच्या १ ते २ टक्के. कोकणातल्या दुपारी १ टक्का पुरतो, म्हणजे एक किलो रेझिनला १० ग्रॅम. लवकर सुकावं म्हणून ते वाढवत जाणं किंवा वेळ मिळावा म्हणून अर्धा टक्का करणं, दोन्हीने रेझिन कच्चं राहतं. वेळ हवा असेल तर एका वेळी कमी रेझिन कालवा, अर्धा किलोच्या आत. डब्यात उरलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुमसतं, म्हणून ते पत्र्यावर पसरून ठेवा, कागदाच्या कचऱ्यात टाकू नका.

मॅट म्हणजे काचेच्या आखूड धाग्यांचं न विणलेलं कापड. तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं: ४५० ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे साधारण एक किलो. रोव्हिंगला, म्हणजे काचेच्या जाड धाग्यांच्या विणलेल्या कापडाला, त्याच्या वजनाइतकंच पुरतं. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद, असं नाही. काच कमी आणि रेझिन जास्त झालं की थर ठिसूळ होतो.

इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिन महाग आहे, पण जुन्या फायबरला जास्त घट्ट धरतं. पैसे असतील तर ट्रान्सम आणि पाण्याखालच्या भोकांना तेच वापरा. अडचण अशी की इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट बसत नाही, त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंगच द्यावा लागतो. शिवाय इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड वापरा. साध्या मॅटचे धागे ज्या गोंदाने धरलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत नाही.

ट्रान्सम

बाहेरचं कवच शाबूत ठेवा, होडीचा आकार त्याच्यात आहे. आतल्या बाजूचं फायबर कडेने दोन-तीन इंच सोडून कापा, पातं फक्त फायबरच्या जाडीइतकंच आत जाऊ द्या. कुजलेला प्लाय छिन्नीने काढा. चिकटून राहिलेला धड तुकडाही काढा, कारण ओल त्याच्यातही असते.

पुठ्ठ्याचा साचा करून आयएस ७१० शिक्क्याचे १८ मिमी मरीन प्लायचे दोन तुकडे कापा. मशीनचा शिकंजा किती जाडी पकडतो ते आधी मोजा आणि आतला-बाहेरचा फायबर त्यात धरा. उंचीही मोजा: आखूड शाफ्टच्या मशीनला ट्रान्सम सुमारे १५ इंच लागतो, लांब शाफ्टला २०. दोन्ही तुकड्यांना सगळीकडून, विशेषतः कडांना, रेझिन पाजा. मध्ये मॅटचा एक थर घालून ते एकमेकांना चिकटवा, मग टाल्क पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं रेझिन बाहेरच्या कवचावर पसरून प्लाय दाबून बसवा. शिकंजे लावताना कडेने सगळीकडून रेझिन बाहेर आलं पाहिजे. जिथे आलं नाही तिथे पोकळी आहे आणि पुढे पाणी तिथेच साचेल.

तळाशी आणि बाजूंना काटकोन ठेवू नका, फायबर काटकोनात वळत नाही. घट्ट रेझिनने कोपरे गोल करा. वर मॅट, रोव्हिंग, मॅट असे थर द्या आणि प्रत्येक थर तळावर व बाजूंवर किमान १० ते १५ सेंटिमीटर पुढे न्या. हवेचे बुडबुडे खाचांच्या लोखंडी रोलरने काढा. एका दमात तीन-चार थरांपेक्षा जास्त नको, उष्णतेने फायबर वाकडं होतं.

बोल्टची भोकं सरळ पाडली तर दोन-तीन हंगामांत पुन्हा तेच दुखणं. भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर मधोमध योग्य मापाचं पाडा. लाकडापर्यंत पाणी पोहोचायला वाटच उरत नाही.

भोकं आणि भेगा

भोकाच्या कडा उतरत्या घासा, जाडीच्या बारापट लांब. ५ मिमी जाड तळाला सगळीकडून ६ सेंटिमीटरचा उतार. नुसतं भोक बुजवलं तर ते बूच होतं आणि लाटेच्या माराने निघतं. उतारावर मात्र नवं फायबर जुन्याला रुंद पट्ट्यात धरतं. मागे मेण लावलेला सनमायकाचा तुकडा आधाराला बांधा. सर्वांत मोठा तुकडा पहिला लावा, मग क्रमाने लहान. पॉलिएस्टर वापरत असाल तर जुन्या पृष्ठभागाला लागून नेहमी मॅटच असावी.

जेलकोटमधल्या केसाएवढ्या भेगा व्ही आकारात उघडून भरतात. पण त्या एकाच जागी जाळ्यासारख्या असतील तर तिथला तळ लवतो आहे. आतून आधार दिल्याशिवाय लांबी (पुट्टी) भरून काही उपयोग नाही.

रंग

उघड्यावर जेलकोट लावला तर वरून चिकट राहतो, हवेमुळे. शेवटच्या थरात मेणाचं द्रावण घालावं लागतं. घरच्या कामाला दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग सोपा: ८०, १२०, २२० अशा पेपरने घासत जा, प्रायमर द्या, दोन पातळ हात मारा.

तळाला शेवाळ आणि शिंपलं धरू नयेत म्हणून मिळणारा अँटिफाउलिंग रंग होडी कायम पाण्यात राहणार असेल तरच घ्या. रोज वाळूवर ओढणार असाल तर तो वाळूलाच लागेल. तांबं असलेला रंग अॅल्युमिनियमच्या मशीनला लागू देऊ नका, धातू खाल्ला जातो.

फिटिंगला ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू आणि पॉलियुरेथेन सीलंट वापरा. बाथरूमचं सिलिकॉन नको. ते एकदा लागलं की त्या जागी पुन्हा रंग धरत नाही.

पाण्यात

शेवटच्या थरानंतर किमान आठवडाभर थांबा. फायबरच्या कातरणी जाळू नका, धूर विषारी असतो; पूर्ण सुकल्यावर घनकचऱ्यात द्या. पहिल्यांदा होडी भरतीच्या वेळी, उथळ आणि शांत खाडीत उतरवा, मशीन न लावता. तासाभराने बाकांखाली आणि ट्रान्समच्या कोपऱ्यांत कोरडा कागद फिरवून पाहा. कोरडा निघाला तर मशीन चढवा, लाइफ जॅकेट घालून किनाऱ्यालगत एक फेरी मारा आणि परत आल्यावर ट्रान्समचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. पहिल्या फेरीत ते थोडे सैल होतात.